ओढण्यापूर्वी शोधावे

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते. गल्ल्यात पैसे नाहीत आणि वहीतही शिल्लक नाही, तर ती अडचण असते. माणूस हात आखडतो, उसनवार करतो आणि निभावून नेतो. परंतु गल्ला रिकामा असताना वही शिल्लक दाखवीत असेल, तर तो धोका असतो, कारण त्या वहीवर विसंबून माणूस पुढची खरेदी करून बसतो. ही जुनी शिकवण गेल्या हिवाळ्यात मला अगदी निराळ्या ठिकाणी पुन्हा गिरवावी लागली. तेथे वहीच्या जागी एका जुन्या मोटारीचा काटा होता.

माझे धाकटे बंधू अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या बाहेरच्या भागात, डाळी व मसाल्यांचा घाऊक व्यापार करतात. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी वखार विकत घेतली, तेव्हा तिच्यासोबत १९८४ सालची एक फोर्ड एफ-१५० पिकअप गाडीही त्यांच्याकडे आली. पुढे तिघे बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा, असे तिचे साधे रूप. या जातीच्या गाड्यांना त्या देशात मोठा इतिहास आहे. फोर्डने मॉडेल टी गाडीवर हौदा बसवून कारखान्यातूनच तयार पिकअप विकण्यास १९२५ साली आरंभ केला. एफ मालिका १९४८ पासून चालू आहे. शेतकरी, सुतार, गवंडी, छोटा दुकानदार या सर्वांच्या दारात ती दिसते. बंधूंच्या व्यापाराची पहिली काही वर्षे तर सारा माल याच गाडीतून गिऱ्हाइकांकडे गेला. आता त्यांच्याकडे मोठे बंद ट्रक आहेत, तरी ही गाडी वखारीच्या छपराखाली जपून ठेवलेली आहे. माझ्या पुतण्याला तिचा विशेष लळा. तो विद्यापीठात शिकतो आणि सुट्टीत घरी आला की तीच गाडी बाहेर काढतो.

मी तेथे मुक्कामाला असतानाच्या एका रात्री तो शहरातून घरी परत येत होता. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर होता. तरीही महामार्गावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. शेजारून अवजड ट्रक वाऱ्याच्या वेगाने जात होते. बंधू दुसरी गाडी घेऊन पोहोचेपर्यंत मुलगा पाऊण तास रस्त्याच्या कडेला, अंधारात उभा होता. टाकी पाहिली, तर कोरडी ठाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंधू मला म्हणाले, "अण्णा, ही गाडी आता मोडीत घालावी म्हणतो. जुन्या आठवणीपेक्षा मुलाचा जीव मोठा." बोलणे अगदी रास्त होते. मीही मान डोलावली. पुतण्या मात्र खाली मान घालून म्हणाला, "पप्पा, मला एक रविवार द्या. काटा खोटं का बोलला ते तरी पाहू." वडिलांनी रविवार दिला. मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली.

आता रोगाचे निदान. पुतण्याने प्रथम घरातील सर्वांना विचारले, की या गाडीचे आणखी काय काय बिघडले आहे. तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. टाकी पूर्ण भरली की पेट्रोलचा काटा शेवटच्या खुणेच्याही पलीकडे जाऊन बसत असे. त्यावर घरात विनोद होई, पण कोणी चौकशी केली नाही. दुसरे असे, की इंजिनाच्या तापमानाचा काटाही अलीकडे फार वर राहत असे. त्यासाठी थर्मोस्टॅट बदलून झाला होता, पैसे खर्च झाले होते आणि काटा होता तेथेच होता.

दोन निराळे काटे, दोघांचे काम निराळे, आणि दोघेही एकाच दिशेने चुकतात! आपल्या भाषेत सांगायचे तर दोन खात्यांत एकाच प्रकारची तफावत आली, की प्रत्येक खाते स्वतंत्रपणे तपासण्याआधी दोन्ही खाती लिहिणारा हात तपासावा. त्या काळच्या फोर्ड गाड्यांत असा एक समाईक हात खरोखरच असतो. मीटरच्या पाठीमागे आगपेटीहूनही लहान असा एक व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेला असतो. बॅटरी सुमारे १२ व्होल्टची. पण हे काटे सरासरी ५ व्होल्टवर चालण्यासाठी घडवलेले असतात. रेग्युलेटरच्या आत दोन धातूंची जोडपट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार असते. पट्टी तापली की वाकते व वीज तुटते. थंड झाली की सरळ होते व वीज पुन्हा जुळते. हा खेळ अखंड चालू राहतो आणि त्यातून सरासरी ५ व्होल्ट मिळतात. मात्र ती तार तापण्यासाठी रेग्युलेटरचे अर्थिंग पक्के लागते. अर्थिंग सुटले, तर तार तापत नाही, पट्टी वाकत नाही आणि बॅटरीचा सगळा दाब काट्यांवर येतो. मग टाकी रिकामी असली तरी काटा अर्ध्यावर चढून बसतो. आमच्या गाडीतही हेच झाले असावे, असा पुतण्याचा कयास होता. त्यात कारखान्याचा दोष नव्हता. चाळीस वर्षांची दमट हवा आणि घरच्यांचे दुर्लक्ष, यांचा तो संयुक्त प्रताप होता.

रेग्युलेटरपर्यंत पोहोचण्यासाठी डॅशबोर्डातून सगळा मीटर-संच, ज्याला आपले गॅरेजवाले नुसते 'मीटर' म्हणतात, तो बाहेर काढणे भाग होते. जाता जाता 'डॅशबोर्ड' या शब्दाविषयी एक गंमत. मोटारीच्या आधी घोडागाडीच्या पुढच्या बाजूस, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून फळी लावीत. डॅशबोर्ड हे त्या फळीचे नाव. चिखल गेला, घोडा गेला, नाव तेवढे राहिले.

वखारीतील एका गड्याने सुचविले, की एवढा खटाटोप कशाला? मोडीच्या बाजारातून दुसरे मीटर आणावे, जुने हिसकून काढावे आणि नवे बसवावे. सूचना स्वस्त होती. पण बंधूंनी ती ऐकताच नाकारली. कारण त्याच संचात ओडोमीटर असतो, म्हणजे गाडी एकूण किती मैल चालली त्याची नोंद. दुसऱ्या गाडीचे मीटर बसवले, की दुसऱ्याची वही आपल्या दुकानात आणून ठेवल्यासारखे होते. अमेरिकेचा कायदाही याबाबत कडक आहे. दुरुस्तीत ओडोमीटर बदलला आणि जुना आकडा नव्यावर आणता आला नाही, तर नव्यावर शून्य ठेवून, जुना आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी लागते. आमच्या गाडीचा ओडोमीटर पाच आकडी. एक लाख मैल झाले की पुन्हा शून्यापासून आरंभ. तो दोनदा शून्यावर येऊन गेल्याची टिपणे बंधूंच्या जुन्या डायऱ्यांत आहेत. ते मीटर अभंग राहावे, ही त्यांची एकमेव अट होती.

रविवारी सकाळी आम्ही कामास लागलो. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावले आणि हँडब्रेकच्या जागी असलेला पायाचा ब्रेक दाबून ठेवला, कारण स्टिअरिंगवरील गिअरची दांडी अगदी खालच्या गिअरवर आणावी लागते. तसे केल्याशिवाय मीटर बाहेर येण्यास वाट मिळत नाही. हेडलाइटची मूठ नुसती ओढून निघत नाही. तिच्या खालच्या खाचेत बारीक आकडा घालून आतील खिटी सोडवावी लागते. त्यानंतर मीटरभोवतालच्या चौकटीचे स्क्रू काढले. टेक्सासच्या उन्हात चाळीस वर्षे तापलेले ते प्लॅस्टिक पापडासारखे ठिसूळ झाले होते. पुतण्याने प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीवर, ज्या जागेचा त्या जागी, चिकटपट्टीने लावून ठेवला. ही शिस्त मला आवडली.

गाडीचे गिअर स्वयंचलित आहेत. कोणता गिअर पडला ते दाखवणारा लहानसा काटा मीटरच्या आत असतो आणि एका सुतासारख्या तारेने तो स्टिअरिंगच्या नळीला बांधलेला असतो. तारेच्या टोकाचे वेढे नळीवरील खुंटीतून अलगद उचलले, तिची पट्टी सोडवली. मग मीटरचे चार स्क्रू निघाले. संच सैल झाला, दोन बोटे पुढे आला आणि थांबला.

आम्ही हलवून पाहिले, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. तो दोन बोटांपलीकडे येईना. पुतण्या म्हणाला, "मोठे काका, थांबा, मी पुस्तकात पाहतो." परंतु अर्धा तास झाला होता, जेवणाची वेळ होत आली होती आणि माझ्या मनाने घेतले, की इतक्या वर्षांत धूळ व गंज धरून ते घट्ट बसले असणार, जरा जोर लावला की सुटेल. मी दोन्ही हातांनी धरून ओढले.

कट् असा आवाज झाला. स्क्रू बसण्यासाठी मीटरला जे प्लॅस्टिकचे कान असतात, त्यांपैकी एक माझ्या हातात आला.

वाचकहो, त्या क्षणी पुतण्या एक शब्दही बोलला नाही आणि तेच मला अधिक लागले. जो संच अभंग ठेवण्याचे वचन आम्ही दिले होते, तो घरातील वडीलधाऱ्या माणसाने तोडला होता. आवाज ऐकून बंधू आले. त्यांनी तुकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "अण्णा, ते कशानं धरलंय ते पाहिलं का?"

पाहिले नव्हते. ते अडले आहे एवढेच मी पाहिले होते.

बंधू केबिनच्या तळावर उताणे पडले आणि डॅशबोर्डाखालून बॅटरीचा उजेड आत टाकला. संचाच्या मागे, बरोबर मधोमध, करंगळीएवढी जाड काळी केबल सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती. ती मीटर केबल. गंज नाही, धूळ नाही. मीटरला त्याच्याच केबलने धरून ठेवले होते, आणि मी जितके ओढीन तितकी ती अधिक ताठ होत होती.

या केबलचे काम समजून घेण्यासारखे आहे. तिच्या आवरणाच्या आत पिळाच्या तारेचा एक लवचिक गाभा असतो. त्याचे एक टोक गिअरबॉक्समध्ये, दुसरे स्पीडोमीटरमध्ये. गाडी चालू लागली की गाभा फिरतो. अमेरिकन गाड्यांत साधारणतः एका मैलास एक हजार फेरे, असे प्रमाण ठरलेले असते. तो गाभा स्पीडोमीटरमधील चुंबक फिरवतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांस स्पर्श नसतो, तरी फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उत्पन्न होतात आणि वाटी त्याच दिशेने वळू पाहते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो, तो आपला वेग. जर्मनीतील ओटो शुल्त्से यांनी या तत्त्वावरील वेगमापकाचे पेटंट १९०२ साली घेतले आणि पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे जगभरच्या मोटारी त्यावर चालल्या. आपल्याकडच्या अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांतही अशीच केबल असे. म्हणजे मी जोराने ओढत होतो ती साधी दोरी नव्हती. एका टोकाला चाकांची चाल आणि दुसऱ्या टोकाला त्या चालीची नोंद, यांना जोडणारा तो दुवा होता. आणखी जोर लावला असता, तर केबलचे तोंड तरी तुटले असते किंवा ओडोमीटर तरी मोडला असता.

केबल सोडवण्याची रीत अगदी सोपी निघाली. तिच्या टोकाशी प्लॅस्टिकची एक टोपी असते आणि टोपीच्या एका अंगाला सपाट भाग असतो. तो अंगठ्याने दाबला की आतील खिटी उचलली जाते आणि केबल सरळ मागे निघते. अडचण एकच होती. केबल इतकी ताणलेली, की तेथे हात पोहोचेना. तेव्हा पुतण्याने बॉनेट उघडले. इंजिनाच्या बाजूला केबल जेथे चिमट्यात अडकवलेली होती तेथून ती मोकळी केली, आणि इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्याला जे रबरी बूच असते त्यातून तिला हळूहळू आत ढकलले. चार बोटांचा ढिलावा मिळाला. बंधूंनी हात आत घातला, सपाट भाग दाबला आणि केबल सुटली. जेमतेम अर्धे मिनिट. त्यापाठोपाठ मीटरमागचे विजेचे दोन चपटे जोड, दोन्ही बाजूंच्या जिभा दाबून, काढले आणि संपूर्ण मीटर आपल्या पायांनी चालत आल्यासारखे आमच्या हाती आले.

मागील बाजू पाहिली आणि आपण ओढत राहिलो असतो तर काय झाले असते, याची कल्पना आली. तारांऐवजी तेथे प्लॅस्टिकच्या लवचिक पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेषा छापलेल्या असतात. तो पत्रा एकदा फाटला की जोडणे फार कठीण. रेग्युलेटरच्या अर्थिंगच्या जागी हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. पुतण्याने पेन्सिलीच्या खोडरबराने तांब्याच्या रेषा हलकेच स्वच्छ केल्या, स्क्रूचे बूड पॉलिश कागदाने घासले आणि तो पुन्हा घट्ट बसवला. शंका नको म्हणून एक जास्तीची अर्थिंगची तारही बाहेर पत्र्यापर्यंत नेली. माझ्या प्रतापाने तुटलेला कान दोन भागांच्या डिंकाने चिकटवला आणि मागे वॉशर लावला. आकड्यांच्या चकत्यांना कोणीही हात लावला नाही.

बॅटरी जोडून चावी फिरवली. मल्टिमीटर लावताच रेग्युलेटरच्या तोंडाशी आकडा स्थिर न राहता खालीवर डोलू लागला; पट्टी पुन्हा उघडझाप करू लागल्याची ती खूण. पेट्रोलचा काटा प्रथम थोडा वर गेला, मग सावकाश खाली उतरत अखेरच्या रेषेच्या किंचित वर येऊन थांबला. टाकीत त्या दिवशी खरोखरच दीडदोन गॅलनच पेट्रोल होते. पुतण्याने टाळी वाजवली. बंधू हसून म्हणाले, "शिल्लक कमी दिसली म्हणून आनंद झाल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय!" गाडी मोडीत घालण्याचा विषय नंतर निघाला नाही. मात्र त्यांनी मुलाला एक नियम घालून दिला: दर वेळी टाकी भरली, की डायरीत मैल लिहायचे आणि काट्याची साक्ष त्या नोंदीशी ताडून पाहायची. एका साक्षीवर मोठा व्यवहार करू नये, हा आपल्या पेढीचाच रिवाज.

ज्यांच्या घरी जुने वाहन आहे, त्यांच्यासाठी या अनुभवातून चार गोष्टी. दोन काटे एकदम चुकू लागले, तर समाईक कारण प्रथम शोधावे. मीटर काढण्यापूर्वी बॅटरी सोडावी आणि चाके अडवावी. मीटर थोडे पुढे येऊन थांबले, तर मागे केबल आहे असेच धरून चालावे आणि ढिलावा इंजिनाच्या बाजूने द्यावा. आणि काटा चालतो की नाही हे पाहण्यासाठी पाच व्होल्टच्या काट्याला थेट बारा व्होल्ट कधीही लावू नयेत. तो जळून जातो.

परतीच्या प्रवासास निघताना बंधूंनी मला त्याच गाडीतून विमानतळावर पोहोचवले. मीटरच्या डाव्या कोपऱ्यातील चिकटवलेला कान चौकटीमागे झाकला गेला आहे. बाहेरून काही दिसत नाही. तो तेथे आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. घरी, दुकानात, नात्यागोत्यात एखादी गोष्ट दोन बोटे पुढे येऊन थांबली, की माझे हात अजूनही ओढण्यासाठीच पुढे होतात. मग तो कट् असा आवाज आठवतो आणि मी आधी खाली वाकून पाहतो, की कशाने धरले आहे.